हानबाईंची बरणी

मोरितासान गेल्याचं मला हानबाईंनी सांगितलं, आणि तेही चिडून. वाखनिंगन या डच गावातल्या आमच्या तीन सलग घरांपैकी मधलं मोरितासानांचं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कोरियाच्या हानबाई. माझ्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "गेला तो. हॉस्पिटलमध्ये, सकाळी. आणि माझी बरणी त्याच्याकडेच राहिली!" हसावं की रडावं कळेना... मी दोन्ही केलं. त्याला आता दीड महिना झाला.

नऊ वर्षांपूर्वी मोरितासान राहायला आले तेव्हा जपानी रिवाजाप्रमाणे आम्हा दोन्ही शेजारणींना एकेक टॉवेल देऊन, वाकून नमस्कार करून गेले. तासाभरात हानबाईंनी त्यांना बरणीभर किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, नेऊन दिली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे आपल्यासारखंच त्या दोघांच्याही अंगात मुरलेलं. त्यामुळे ती बरणी नऊ वर्षं हेलपाटे घालत राहिली. बाकी दोघांचं कशावरही पटत नव्हतं. मी मोरितासानांना आमच्या 'एशियन पॉटलक'ला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बोलावलं, तर म्हणाले, "जपान आशियात आहे, हे नकाशाचं मत झालं." मग तुम्ही कुठले, मी विचारलं. "मी फुकुओकाचा. टोकियोवाले वेगळे." कुंपणापलीकडून हानबाई ओरडल्या, "फुकुओकाला टोकियोपेक्षा आमचं बुसान जवळ आहे!" "हो, अंतराने," ते शांतपणे म्हणाले. पॉटलकला मात्र आले, भाताचे गोळे घेऊन.

खरं युद्ध तिखट गाबोळीवरून. मसाल्यात मुरवलेली ही माशाची अंडी म्हणजे फुकुओकाची शान. ती बुसानहूनच तिकडे गेली, असं हानबाईंचं म्हणणं. "एकदा कबूल कर, मग मी मरायला मोकळी," त्या म्हणायच्या. ते चहाच्या कपात बघत म्हणायचे, "अभ्यासाचा विषय आहे." आयुष्यभर आंबवण्या-मुरवण्याचाच अभ्यास केलेला माणूस हो! आणि गाबोळी भरून परत दिलेल्या बरणीवर दर वेळी ठसठशीत चिठ्ठी: 'फुकुओका'. मला दोघांचाही राग यायचा. पण पुरणपोळी कुणाची यावरून मी स्वतः एका कन्नड मैत्रिणीशी वर्षभर अबोला धरला होता, तेव्हा बोलणार कोणत्या तोंडाने?

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. ते गेल्यावर हानबाईंना घेऊन मी आत गेले. फ्रिजमध्ये बरणी होती, गाबोळीने भरलेली. चिठ्ठीवर कोरियन अक्षरं, पहिलीतल्या पोराने काढावीत तशी. हानबाई वाचून खुर्चीत बसल्या.

"काय लिहिलंय?"

"बुसानची गाबोळी." मग बोटाने चाखून म्हणाल्या, "मीठ जास्त घातलंय मूर्खाने." आणि ओट्यावरचा टॉवेल तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. मीही रडले. फार आठवण येते त्यांची.

परवा बेल वाजली. हानबाई, हातात तीच बरणी, किमचीने भरलेली. "आता तुझी पाळी," म्हणाल्या. काल ती धुऊन मी लिंबाचं लोणचं भरलं. चिठ्ठीवर माझ्या गावाचं नाव लिहायला पेन उचललं... आणि 'मोरितासानांकडून' एवढंच लिहिलं.