पहिल्या नातीचं नाव

बहारीनला जुफैरच्या ऑफिसातला इंग्रज साहेब मायदेशी परतताना मला एक जाडजूड पुस्तक देऊन गेला. इंग्रजी नावं, त्यांचं मूळ आणि अर्थ. मी साधा टायपिस्ट, पण त्या पुस्तकामुळे माझ्या डोक्यात हवा गेली. पीटर म्हणजे खडक, फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा, असं सांगत मी तिथल्या आमच्या ख्रिस्ती वसईकरांना भंडावून सोडायचो. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ही नावं लावत आलो, अर्थ एकालाही ठाऊक नव्हता.

मग मला मुलगी झाली. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायची रीत. आईने गावी शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. मी मात्र पुस्तक उघडलं. आईच्या नावाचं मूळ लॅटिन, अर्थ 'आंधळी'. मी ते बायकोला वाचून दाखवलं.

बायको म्हणाली, "अहो, त्या नावाची संत आहे. अजून काय पाहिजे?"

पण अर्धवट शहाण्याला कोण समजावणार! बाप्तिस्म्याला मी मुलीचं 'शांती' अर्थाचं ग्रीक नाव ठेवलं.

पुढच्या वर्षी रजेवर गेलो. आईने नातीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "माझं नाव वाईट होतं का रे?"

मी अर्थ सांगून मोकळा झालो. आई म्हणाली, "साठ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. तू कशाला सांगितलंस?"

आई पत्रं शेजारणीकडून लिहून घ्यायची आणि खाली स्वतःच्या हाताने नाव काढायची. तिला तेवढंच लिहिता यायचं. त्या रजेनंतर आलेल्या एकाही पत्राखाली तिचं नाव नव्हतं.

मुलगी आठ वर्षांची असताना तार आली, आई गेली. रजा मिळाली नाही. इथल्याच चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना सांगायची म्हणून मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. मुलीने ते मोठ्याने वाचलं.

"हूज नेम इज धिस, डॅडी?"

"तुझ्या आजीचं."

"इट्स सो प्रिटी. व्हाय डिडन्ट आय गेट इट?"

मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. अर्थ मात्र मी तिला सांगितला नाही.