आईला ऐकू जाईल असा माइक

इकडे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्समधला माझा मराठी शेजारी प्रत्येक वाक्य "चालेल ना?" असं विचारून संपवतो. मला वैताग येतो. घर त्याचं, गवत त्याचं, मग माझी परवानगी कशाला? शिवाय आवाज घोगरा आणि इतका हळू, की कुंपणापाशी कान न्यावा लागतो.

सांगलीतल्या त्याच्या आईला कमी ऐकू यायचं. कोविडमध्ये सीमा बंद झाल्यावर व्हिडिओ कॉलसाठी त्याने हातात धरायचा स्वस्तातला माइक मागवला. त्यातून आवाज गोधडीआडून आल्यासारखा यायचा. तो परत करून त्याने दुसरा आणला. गॅरेजमध्ये उभा राहून तो म्हणायचा, "आई, मी बोलतोय," आणि मी माझ्या फोनवर ऐकायचो. दुसरा त्याच्या आवाजाला छान बसला. मीच म्हणालो, "हाच ठेव."

त्याच आठवड्यात आई गेली.

दहाव्याला त्याच्या धाकट्या भावाने तिकडे सांगलीत घाटावर फोन स्पीकरला जोडला. इकडे गॅरेजमध्ये मी त्याच्याजवळ उभा होतो. पिंडाला कावळा शिवेना.

"दादा, तिचा जीव तुझ्यात अडकलाय. येतो म्हण."

विमानं बंदच होती. त्याने माइक ओठांशी धरला.

"आई, मी लवकर येतो. चालेल ना?"

घाटावर शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू गेला. कावळे झाडावरून हलले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

त्याने माइक बंद केला.

"मी खोटं बोललो की तिला आवाजावरून कळायचं," तो म्हणाला. "तो पहिलाच ठेवायला हवा होता."