सोमवारचं दार

त्या दिवशी रूथबाईच्या खोलीत कोन कोन होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हंजे मांगून कोनी म्हनू नये का बाई एकटीच गेली. दानियल पास्टर होते, त्याईची बायको होती, वाशिमहून आलेली रूथबाईची भाची सुनीता होती, मायी जाऊ पारबती उंबऱ्यात बसून होती, अन् पायथ्याशी मी. चर्चच्या मांग तिची एक खोली हाय, तिथीच. दवाखान्यातून घरी आनलं होतं, डाक्टरनंच सांगतलं होतं का आता घरी न्या. दुपारी तिनं डोये उघडले अन् इचारलं, "आज कोनता वार हाय वं?" मी म्हनलं, "शनिवार." तं म्हने, "मंग सगया इथी काहून बसल्या? निवडाचं कोन करन?" ... हे तिचं शेवटचं बोलनं.  दिवे लागाच्या आधी गेली.

मी रडली नाही. मायाच्यानं रडनं होत नाही, ते कवाचंच आटलं. मायी नात म्हने, आजी, तू सांग, मी लिहून पेपरात पाठवतो. मले दुसरीपर्यंत शाया, तेही धड नाही. म्हनून मी सांगून राह्यली अन् ते लिहून राह्यली. जसं बोलतो तसंच लिही म्हनलं.

आमचं गाव रिठदच्या बाजूचं. कुनबी लोकाईचे घरं जास्त, मंग आमी बौद्ध, अन् ख्रिस्ती म्हनाल तं चार घरं. चर्च म्हंजे टिनाचं एक लांब घर, म्होरं एक घंटा. घंटा गावातले सगयेच ऐकत, वावरात जाचा टाइम त्याच्यावर समजे. रूथबाई त्या चर्चची बायबलबाई. म्हंजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवाचं, आजाऱ्याजवय बसाचं, पोट्ट्याईले अक्षर शिकवाचं, हे तिचं काम. बाई बुटकी, रंगानं काई, अन् चालनं असं का मांगचा मानूस पयाच लागे. लग्न केलं होतं, नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही. याच्यावर ती कधी बोलली नाही अन् मी कधी इचारलं नाही.

मायी तिची वयख झाली ते माया मालक गेल्यावर. सोयाबीन सोंगताना साप चावला, वाशिमले नेता नेता खेळ खलास. पोरगा अंगावर, पोरगी चालती. घर दिराच्या नावानं, रेशनकार्ड दिराच्या घरात, त्याच्यावरचं धान्य जाऊ आनत होती अन् कुलपात ठेवत होती. मी लोकाईच्या वावरात निंदाले जाओ. काम असलं तं दाने, नसलं तं नाही. श्रावनात झड लागली. वावरात पाय टाकता येईना, मंग कोन कामाले बोलवते? लेकराईले जवारीच्या कन्या शिजवून दिल्या, त्याही संपल्या. मंग नुसतं पानी उकळवून मीठ टाकून देलं. लहाना तेही पिऊन झोपे. आता हे सांगताना मले काही वाटत नाही. तवाही वाटाले टाइम नव्हता.

एका दिवशी रूथबाई दारात आली. छत्री नव्हती, डोक्यावर युरियाची थैली घेतली होती. आत पाह्यलं, चुलीकडं पाह्यलं, लेकराईकडं पाह्यलं. काही इचारलं नाही. म्हने, "कौसा, सोमवारी सकाई चर्चच्या मांगच्या दारानं ये. पिशवी आन." बस. उलटी फिरली अन् गेली.

त्या मांगच्या दाराचं सांगतो. चर्चात एक पत्र्याची कोठी हाय. ख्रिस्ती बाया सैपाकाले बसल्या का पयले एक मूठ धान्य बाजूले काहाडत. जवारी असो, दाय असो, तांदूय असो. सैपाक झाल्यावर उरलं ते नाही, आधी. आयतवारी उपासनेले येताना त्या आपली आपली आनत अन् कोठीत टाकत. सगयं मिसळलेलं. म्हनून शनिवारी बाया बसून निवडत, दाय इकडं, जवारी तिकडं. अन् सोमवारी सकाई मांगचं दार नुसतं लोटून ठेवत. ज्याले लागन त्यानं याचं, घ्याचं, जाचं. कोन आलं ते पाहाचं नाही. रूथबाई त्या वक्ती मुद्दाम खराटा घेऊन म्होरच्या अंगनात झाडाले बसे, इकडं पाठ करून. तिचं दुसरं एक होतं, आयतवारी त्या कोठीतून कोनालेच काही द्याचं नाही. म्हने, उपाशी मेला तरी सोमवारी ये, नाही तं मी माया ताटातलं देतो, पन कोठीतून आयतवारी दाना काहाडनार नाही. मले तवा हे समजलं नव्हतं. मले वाटे, बाईचं डोकं फिरेल हाय.

मी गेली. पिशवी भरली. घरी आली तं पारबती ओट्यावर उभीच होती. "काहून वं कौसे, मूठभर दायीसाठी धर्म इकला का?" सगया गल्लीनं ऐकलं. विहारातल्या दोन बायाही माया संग बोलत नव्हत्या मंग. मी आत गेली. चूल पेटवली. लेकरं जेवले... लहाना जेवता जेवताच झोपला, तोंडात घास होता, तो मी बोटानं काहाडला.

असे कितीतरी सोमवार गेले. मंग मले धान्य नोको झालं, पोरगी कामाले याले लागली. मी आपली शनिवारी निवडाले जाओ. उपासनेले गेली नाही. रूथबाईनंही कधी म्हनलं नाही का ये. पौर्निमेले मी विहारात जाओ, तं तीच आठवन देये, "कौसा, आज पौर्निमा हाय, सूप ठेव, जाय."

एका शनिवारी निवडता निवडता जवारीत गुलाबी दाने दिसले. आमी हात आखडून घेतले. ते बियानं होतं, औषध लावलेलं. पेरनीतून उरलं असन, अन् कोन्या घरच्या नव्या सुनेनं, तिले काय माहीत, त्याच्यातलीच मूठ काहाडली होती. नेमानं काहाडली बिचारीनं, रोज. एक बाई म्हने, "गुलाबी तेवढे येचून टाकू." रूथबाईनं कोठीत हात घातला, बोटाईचा वास घेऊन पाह्यला. म्हने, "रंग निवडता येते, औषध निवडता येत नाही." अर्धी कोठी भरेल होती. झडीचेच दिवस. आमी चर्चच्या मांग खड्डा केला अन् सगयं पुरलं, कोंबड्या उकरू नये म्हनून वरून गोटे ठेवले. कोठी कडूलिंबाच्या पाल्यानं, राखेनं, पुन्हा पुन्हा धुतली. एक बाई म्हने, "मले माहीत हाय हे कोन्या घरचं हाय, त्याईच्याच इथी..." रूथबाईनं तिले तोडलं. "नाव घेऊ नोको. नाव घेतलं तं तिची सासू तिले जगू देनार नाही, अन् ते पोरगी पुन्हा मूठ काहाडनार नाही. मीच तिले एकटीले गाठून सांगतो."

पन परवा सोमवार होता. अन् कोठी रिकामी.

आयतवारी चार घरच्या मुठी आल्या, त्याच्यानं कोठीचा तयही झाकला नाही. उपासना सुटली तशी ती माया दारात. "कौसा, चाल." मी म्हनलं, "कुठी?" "मांगाले." ती आजपर्यंत चार घराच्या बाहेर कोनाले काही मांगाले गेली नव्हती. पाटलाच्या वाड्यापासून सुरुवात केली. पदर पसरे अन् म्हने, "एक मूठ द्या." कोनासाठी ते सांगे नाही. काही घरी भेटलं, काही घरी कुत्रं सोडलं. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "तुमच्या देवानं पाठवलं का?" तं म्हने, "नाही भाऊ, कोठीनं पाठवलं." तो हासला अन् दोन मुठी देल्या. मंग आमच्या गल्लीत आली अन् नेमकी पारबतीच्या दारात उभी राह्यली. मी मांग सरली. पारबती बाहेर आली, मले पाह्यलं. "धर्म इकूनही पोट भरलं नाही का वं कौसे? आता दारोदार निंगाली?"

रूथबाई म्हने, "पारबती, हे कौसा कधी उपासनेले बसली नाही. इचार तिले, मी कोनत्या दिवशी धान्य देतो."

पारबती मायाकडं पाहे. मी म्हनलं, "सोमवारी."

"सोमवारी कायले?" पारबतीनं इचारलं.

"आयतवारी देलं असतं तं तू म्हनते ते खरं झालं असतं," रूथबाई म्हने. "म्हनून."

पारबती आत गेली. आमाले वाटलं दार लावते. ते सूपभर जवारी घेऊन आली, तोंड वाकडंच. रूथबाईनं त्याच्यातली एक मूठ घेतली अन् सूप वापस केलं. म्हने, "एकदा सूपभर देऊन सुटू नोको. रोज एक मूठ ठेव." पारबती म्हने, "लय चिवट म्हातारी हाय." पन त्या दिवसापासून तिनं मूठ ठेवली. अन् रेशनकार्डातून माया लेकराईचे नाव वेगये काहाडाले आपल्या नवऱ्याले तिनंच तहसीलीत धाडलं. मायाजवय त्याच्यावर एक शबद बोलली नाही. मीही नाही.

त्या सोमवारी कोठी भरली नव्हती, पन रिकामीही नव्हती. अन् मंग मूठ चार घराची राह्यली नाही, सगयीकडून याले लागली. पारबतीचं पाहून विहारातल्या बायाही मायाशी बोलाले लागल्या, कायले नव्हत्या बोलत ते मी इचारलं नाही.

दानियल पास्टर मांगून आले. मानूस चांगला हाय, गाडीवर गावोगाव फिरते, डोये तपासाचं शिबीर त्याईनंच आनलं, माया मोतीबिंदू त्याच्यातच निंगाला. पन त्याईचं म्हननं, उपासना सुटल्यावर सगयाइले बोलवू, लाइनीनं वाटू, अन् एक फोटो काहाडू. वरच्या लोकाईले फोटो दाखवा लागते म्हने, त्याशिवाय ते मदत पाठवत नाही. बॅनरही आनलं होतं. आयतवार होता. रूथबाई काही भांडली नाही. कोठीजवय गेली, झाकन लावलं अन् झाकनावर चढून बसली. पाय जमिनीले टेकतच नव्हते. पास्टर म्हने, "मावशी, उतरा ना." तं म्हने, "फोटो पाहिजे ना तुमाले? काहाडा." हासू दाबता दाबता सगयाइची दमछाक झाली. पास्टरनं शेवटी तसाच फोटो काहाडला. बॅनर गुंडाळून ठेवलं. ते आता उपासनेत बाजाची पेटी वाजवते त्याच्या पायाखाली हातरलं राहाते.

माती देतानी गाव आलं होतं. ख्रिस्ती घरं चार, पन खड्डा खंदाले मानसं कमी पडले नाही. तिचा वेगया फोटो कोनाजवय नव्हता, म्हनून तोच कोठीवरचा मोठा करून लावला. बाई मेली, पन फोटोत पाय हालवून राह्यली असं वाटे... मले हासू आलं. कोनी पाह्यलं असन तं पाहो.

आयतवार गेला. सोमवारी सकाई मी चर्चच्या मांग गेली तं दाराले कुलूप. नवा स्पीकर आनला हाय, चोरीचं भेव, म्हनून लावलं म्हने पास्टरनं. मी त्याईच्या घरी गेली. म्हनलं, "चावी द्या."

पास्टर म्हने, "कौसाबाई, आता रूथमावशी नाही. कोन पाहन हे सगयं? तुमी तं आपल्या चर्चच्या मंडळीत नाही."

मी म्हनलं, "कुलूप उघडाले मंडळीत या लागते का? अन् पाहाचं काही नाही त्याच्यात. न पाहाचंच काम हाय."

 त्याईच्या बायकोनं भितीच्या खियावर टांगेल चावी काहाडली अन् माया हातात देली. पास्टर मले म्हने, "स्पीकर दुसरीकडं ठेवतो."

मी दार उघडलं. कोठीच्या झाकनाले मधात खड्डा पडेल हाय, ती बसली होती तवाचा. ते झाकन आता नीट बसत नाही, एका बाजूनं उचलून राहाते. सुनीता म्हने नवं आनू. नोको म्हनलं. मी दार लोटलं, खराटा घेतला, म्होरच्या अंगनात गेली अन् पाठ करून झाडाले बसली. मांग झाकन वाजलं. मंग बांगड्या वाजल्या. कोन होतं ते मले माहीत नाही. मायी जाऊ कधी आली का, हेही मले इचारू नोका.

आता ज्यानं हे वाचलं, त्याले एवढंच सांगनं हाय. आमच्या गावावरून जानं झालं, अन् सोमवारची सकाय असली, अन् चर्चच्या मांगच्या दारातून कोनी बाई पिशवी घेऊन निंगताना दिसली, तं तिच्याकडं पाहू नोका. तोंड दुसरीकडं फिरवा, अन् आपल्या रस्त्यानं जा.