वॉल्टरचे दुसरे तिकीट

हे मी कुणालाच सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्या वहीत कधीकाळी कविता लिहीत असे तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — पण कारणे शोधू लागले की मी सफाईने बोलू लागते, आणि त्या सफाईचीच मला आता भीती वाटते.

२००६चा उन्हाळा. आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहत होतो. सासूबाई गेल्यानंतर माझे सासरे, बाबा, पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मिरजेत त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली; पण कुणी विचारले तर ते सांगत, "मी स्कोअरर." तीस वर्षे त्यांनी तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांची वही लिहिली होती. पंच चुकेल, वही चुकणार नाही, असा त्यांचा विश्वास.

शेजारी वॉल्टर राहत असे. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, विधुर. हातांना अजून यंत्राच्या तेलाचा मंद वास. मागच्या अंगणात त्याचा रेडिओ बेसबॉलचे समालोचन खरखरत ऐकवत असे आणि बाबा कुंपणाशी उभे राहून त्यातले आकडे तेवढे टिपून घेत. जून संपेपर्यंत त्यांना खेळ कळला. जुलैत भांडण सुरू झाले.

भांडण एकच — सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? आजचा कोण, आणि आजवरचा कोण? दोघांच्या मध्ये मी. बाबांचे इंग्रजी सरकारी पत्रापुरते. वॉल्टरचे बोलणे त्यांच्या कानात शिरत नसे. दर शनिवारी दुपारी, कापलेल्या गवताचा ओला वास, पायाखाली शेंगांची टरफले, आणि मी दुभाषी.

"त्याला विचार," बाबा म्हणत, "टप्पा न पडलेला चेंडू मारण्यात कसली मर्दुमकी? ये म्हणावं मिरजेला, मॅटच्या खेळपट्टीवर खेळ."

वॉल्टर शेंग फोडत हसे. "स्कोअररला सांग, तुम्ही पाच दिवस खेळता आणि शेवटी कुणीच जिंकत नाही. मधे चहाला थांबता म्हणे!"

वॉल्टरच्या मते हल्लीचे निम्मे विक्रम औषधाच्या बाटलीतून आलेले. हयात असलेल्यांत मोठा म्हणावा असा एकही नाही. आणि आजवरचा सर्वश्रेष्ठ? त्याच्या वडिलांनी पाहिलेला एक काळा खेळाडू. गोऱ्यांच्या संघांत त्याला जागा नव्हती, म्हणून त्याचे फटके कुणी धड लिहूनही ठेवले नाहीत. बाबांना हे सोसत नसे. "वहीत नाही, तो खेळलाच नाही!" त्यांचा आवाज चढे, आणि तो चढ मी इंग्रजीत आणताना उतरवत असे.

मी दमले होते. आठवडाभर ऑफिस, घरी चार वर्षांची सई, आणि शनिवारी हे दोन म्हातारे. नवरा म्हणे, "अगं, माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, तू मॅनेज कर ना, प्लीज." मी वाक्ये छाटू लागले. तिनांचे एक. पुढे पुढे एकाचा प्रश्न दुसऱ्यापर्यंत न नेताच उत्तर देऊ लागले. कवितेने मला एकेका शब्दाचे वजन करायला शिकवले होते. कुठला शब्द गाळला तर कुणाला कळणार नाही, हेही मग तिनेच शिकवले म्हणायचे का? नाही. ते माझे मी शिकले.

सप्टेंबरमधली एक संध्याकाळ. वॉल्टर कुंपणाशी आला. हातात दोन तिकिटे, शनिवारच्या मॅचची. बायको गेल्यापासून चार वर्षे तो दोनच तिकिटे काढत होता आणि तिच्या खुर्चीवर आपला कोट ठेवत होता, हे त्याने मला तेव्हा सांगितले. सांगताना तो तिकिटांकडेच पाहत होता. "स्कोअररला विचार, येईल का? तुझं तिकीट गेटवर काढू. तू नसलीस तर मी भांडू कसा?"

बाबा माझ्या बाजूलाच उभे होते. हसऱ्या चेहऱ्याने कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत. भाषांतराची वाट पाहत.

मी — काय पाहिले मी त्या क्षणी? तासाभराचे ड्रायव्हिंग, ऊन, गर्दी, चार तास दोन्हीकडून येणारे शब्द. वॉल्टरला मी इंग्रजीत म्हणाले, बाबांचे गुडघे फार दुखतात, तिथल्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत. आणि त्याच श्वासात, मराठीत, बाबांना — "शनिवारी मुलाबरोबर मॅचला चाललाय. तिकिटं दाखवतोय."

वॉल्टरला मुलगा नव्हता.

त्याने बाबांच्या गुडघ्यांकडे पाहिले. बाबांनी त्याच्याकडे पाहून अंगठा उंचावला, अगदी मनापासून. "बरं झालं," ते मला म्हणाले, "एकटा असतो बिचारा." वॉल्टरने मान हलवली. तिकिटांची घडी करून ती खिशात ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात तो लाकूड आणि करवत घेऊन आला आणि आमच्या मागच्या तीन पायऱ्यांना त्याने कठडा बसवून दिला. बाबांच्या गुडघ्यांसाठी. बाबांना मी सांगितले, सईसाठी. ते त्याला फळीचे टोक धरू लागले. "विचार ना," ते मला म्हणाले, "मॅच कशी झाली? मुलगा काय म्हणतो?" मी वॉल्टरला विचारले, पाऊस येईल का? तो आकाशाकडे पाहून काहीतरी बोलला आणि मी बाबांना म्हणाले, छान झाली म्हणतोय.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी बाबा कुंपणाशी गेले. "त्याला सांग, मी हरलो. वहीत नसलेलाही मोठा असू शकतो. तो दोष खेळाडूचा नाही, वही लिहिणाऱ्यांचा." तीस वर्षांच्या स्कोअररने हे म्हणणे म्हणजे काय, ते मला कळत होते. पण हे ऐकून वॉल्टर बसवून घेईल, गप्पा लांबतील, मॅच निघेल, मुलगा निघेल, गुडघे निघतील... मी म्हणाले, बाबा तुमचा निरोप घेताहेत. वॉल्टरने हात पुढे केला. बाबा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या हातापेक्षा मोठ्या काही उत्तराची त्यांची अपेक्षा असावी.

दीड वर्षाने बाबा मिरजेत गेले. वॉल्टरला मी ते सांगायला गेले, तेव्हा त्याने विचारले, शेवटी गुडघ्यांचा फार त्रास झाला का? मी हो म्हणाले.

त्या मॅचच्या शनिवारी दुपारी मी काय केले, एवढे सांगायचे राहिले. बाबा सईला घेऊन बाहेर बसले होते, मला आवाज नको म्हणून दार ओढून. मी झोपले. दोन तास, गाढ. उठले तेव्हा फार बरे वाटत होते.