सागाची थालीपीठं

उरलेल्या अन्नाचं सोनं करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं निदान मी तरी चंदीगडभर सांगत फिरते. शेजारच्या पंजाबी आंटीजींनी डबाभर सरसोंचा साग दिला होता. दोन दिवसांनी नवऱ्याने त्यापुढे हात जोडले. मी कसली हार मानते! साताऱ्याहून आणलेली भाजणी त्या सागात भिजवली आणि खमंग थालीपीठं लावली. शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून त्यातच चार थालीपीठं घालून ऐटीत नेऊन दिली.

"हमारी खास रेसिपी है जी," मी म्हणाले.

आंटीजींनी एक घास खाल्ला आणि त्या हसल्या. "बेटा, साग तो मेरा ही है. घर में कोई खा नहीं रहा था, तभी तो तुझे दिया था."