जात्याचं मौन

आमच्या ह्यांना आतला आनंद हवा होता. तो मिळवायला त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर माझं जातं बंद केलं. हे मी रागानं लिहिते आहे असं कुणाला वाटलं, तर खुशाल वाटू दे. रागच आहे.

हे धुळ्याला शाळेत मास्तर. स्वभाव तापट. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून बसायचे. पांझरेच्या काठी एक बुवा येऊन राहिले होते, ते हठयोग शिकवायचे. हे त्यांच्याकडे जाऊ लागले तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं. म्हटलं, डोकं थंड होत असेल तर होऊ दे बाई. माझं जुनं मऊ लुगडं फाडून मीच त्यांना धौतीसाठी चार बोटं रुंद, लांबलचक पट्ट्या करून दिल्या. ती पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून हे हळूहळू गिळायचे आणि पुन्हा बाहेर ओढून काढायचे. पोट साफ झालं की मन साफ होतं म्हणे! पहिल्या दिवशी ओढताना असे डोळे पांढरे केले की मी देव पाण्यात घातले. पण दोन-तीन महिन्यांत शीर्षासन जमलं, श्वास कोंडून धरणं जमलं, ताट सरकवणंही थांबलं. एका पहाटे आसनावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "अगं, आज आत अगदी शांत वाटलं. काय सांगू तुला!" असा चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मी तेव्हा दळत होते. हात न थांबवता नुसती हसले.

दळण रोजचंच होतं, पहाटे उठून, ज्वारीचं. आणि दळण म्हटलं की ओव्या आल्याच. माझ्या ओव्या माझ्या मायच्या. माय शिरपूरची, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. मला समोर बसवून खुंट्याला हात लावायला सांगायची आणि गायची. काही तिच्या मायच्या होत्या, काही तिनं स्वतः रचलेल्या. एका ओवीत तर माझं नाव गुंफलं होतं. म्हणायची, "ह्या तुन्या शेतस. तुनी पोरले देजो." ओव्या आता माझ्या, आणि पुढे माझ्या पोरीला द्यायच्या, ही गाठ मी तेव्हाच मारून ठेवली. माय गेली तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर, मला तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दागिना नाही, लुगडं नाही, फोटो तर कुठला! त्या ओव्याच काय त्या उरल्या. आणि त्या माझ्या तोंडात नव्हत्या, हातात होत्या. जातं फिरू लागलं की एकीमागून एक यायच्या. नुसतं बसून म्हण म्हटलं, तर दोनाच्या पुढे सुचायचं नाही.

एके पहाटे बुवा घरी आले. जात्याची घरघर ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्या गोंगाटात प्राण स्थिर कसा होणार? सूर्य उगवेपर्यंत घरात मौन पाहिजे," म्हणाले. बाबा, तुला ह्याचा त्रास होतो का, असं त्यांनी ह्यांना विचारलंसुद्धा नाही. आणि ह्यांनीही तोंड उघडलं नाही. गुरूचा शब्द ना!

बुवा गेल्यावर मी म्हटलं, "अहो, मग भाकरी कशाच्या खाणार? श्वासाच्या?" पूर्वीचे असते तर ओरडले असते. आता डोळे मिटून घेतले. त्यापेक्षा ते ओरडणं परवडलं, असं मला वाटलं.

दळण इंजिनाच्या गिरणीत जाऊ लागलं. शेजारणी म्हणाल्या, सुटलीस बाई! हाताचे घट्टे गेले, हे खरं. दुपारी दळायला मला कुणी धरलं होतं, हेही मी स्वतःला ऐकवते. पण दुपारी धुणं, निवडणं, पोरांचं दुखणंखुपणं. आणि आठ दिवस खंड पडला की गिरणीचं पीठ गोड लागायला लागतं. माझीही चूक आहेच. पुढे लेक शाळेत जायला लागली, तिच्या पाटीवर तिनंच मला अक्षरं शिकवली. तेव्हाही ओव्या लिहून ठेवायचं सुचलं नाही. हातात आहे ते कुणी लिहून ठेवतं का? जातं परसात गेलं. त्याच्यावर आपटून मी रोज ह्यांच्या धौतीची पट्टी धूत असे.

मग लेकीचं लग्न ठरलं. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायची मारामार. पण लग्नाची हळद जात्यावरच दळायची, तिथे गिरणी चालत नाही. परसातलं जातं आत आणलं, घासलं, खुंट्याला सुपारी आणि हळकुंड बांधलं. शेजारच्या अक्का आणि आणखी चौघी-पाचजणी भोवती बसल्या. पहिली ओवी आईनं म्हणायची. लेकीचा हात खुंट्यावर ठेवला, त्यावर माझा. आज मायचं सगळं हिच्या ओटीत घालायचं, असं मी कितीतरी दिवस मनात धरून होते.

जातं फिरलं. पहिली ओळ आली. दुसरी आली नाही. पुन्हा पहिली म्हटली, पुन्हा तिथेच अडले. वाटलं, चार फेरे झाले की येईल, म्हणून जोरानं ओढलं. हळद पिवळीधमक पडत होती आणि माझं तोंड कोरडं. माझं नाव असलेली तरी यावी! तीही नाही. बायका खाली बघायला लागल्या. शेवटी अक्कांनी हळूच त्यांची एक ओवी सुरू केली आणि बाकीच्यांनी उचलून धरली. चांगली होती ती ओवी, पण माझ्या मायची नव्हती. लेक म्हणाली, "राहू दे आई." तिच्या हातावरचा माझा हात मी काढून घेतला. पलीकडच्या खोलीत हे पद्मासन घालून बसले होते.

आता हे थकले आहेत. शीर्षासन सुटलं. बुवा तर कधीच गाव सोडून गेले. परवा सकाळी आसनावरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी भाकरी थापत होते.

"अगं, सुरुवातीला ते आत शांत वाटलं होतं ना, ते पुन्हा कधी आलंच नाही. इतकी वर्षं बसतोय."

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"तेव्हा तू दळत असायचीस. तुझ्या ओवीबरोबर माझा श्वास आपोआप चालायचा. बुवांना तेवढं सांगायचं राहिलं." मग म्हणाले, "ती तुझ्या आईची, शिरपूरची... म्हण ना एकदा."

राहिलं म्हणे! पिठाचे हात तसेच धरून मी म्हटलं, "पहिलीच ओळ येते."

"तेवढीच म्हण."

म्हटली. हे डोळे मिटून पुढच्या ओळीची वाट बघत उभे राहिले, आणि मी तव्यावरची भाकरी करपू दिली.