घोडा म्हणाला

दातांची डॉक्टरीण पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा जमीन हादरली, पंखा मध्येच थबकला आणि शोकेसमधल्या झाडून साऱ्या फ्रेमा माना वळवून तिच्याकडे बघू लागल्या, असं चष्मेवाला आजही शपथेवर सांगतो. प्रत्यक्षात तिच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, एवढंच. पण तिच्या पिशवीतून 'कॅप्टन फुंकर'चा एक जुना अंक डोकावत होता आणि तो नेमका शिंप्याला दिसला. तिथून सगळं बिघडलं.

शिंपी म्हणजे चष्मेवाल्याचा शाळेपासूनचा दोस्त. दुकानही शेजारच्याच गाळ्यात. दर रविवारी दुपारी दोघं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनला खेटून, दोन स्टुलांवर बसत आणि जुनी कॉमिक्स वाचत. वाचत म्हणजे चष्मेवाला सगळ्यांचे आवाज काढून वाचे आणि शिंपी कुणाचं तरी जाकीट उसवत ऐके. शिंप्याच्या तोंडात कायम टाचण्या. गिऱ्हाइकांशी, बायकोशी, सासऱ्यांशीसुद्धा तो टाचण्यांच्या आडूनच बोलायचा. त्याला इतकं हसवायचं की टाचण्या काढून ठेवाव्या लागतील, हे जगात एकाच माणसाला जमे आणि तो माणूस चष्मे विकत होता. एवढ्या भांडवलावर त्याचा अख्खा आठवडा निघे.

"मला हसवायला कधी एवढे कष्ट घेतले नाहीत," चष्मेवाल्याची बायको म्हणायची.

"तुझ्या तोंडात टाचण्या कुठे असतात?"

"असत्या तर बरं झालं असतं तुमच्या जिवाला."

आता त्या घोड्याविषयी सांगायला हवं. कॅप्टन फुंकर हा नुसत्या फुंकरीने दरोडेखोर उडवून लावणारा वीर. एका अंकात तो दरीच्या कड्याला लोंबकळतोय, वर त्याचा घोडा उभा आहे आणि चित्रात वाक्य आहे, "आई, जेवायला थांबू नकोस." चित्रकाराला डुलकी लागली असावी, कारण त्या वाक्याच्या फुग्याची शेपटी कॅप्टनच्या तोंडाकडे न जाता घोड्याच्या तोंडाकडे गेली होती. शाळेत या चुकीवर दोघं इतके हसले की दोघांनाही वर्गाबाहेर काढलं. तेव्हापासून ज्या गोष्टीची जबाबदारी कुणी घेत नाही ती 'घोडा म्हणाला'. चष्म्याचा नंबर चुकला, घोडा म्हणाला. जाकिटाची बाही आखूड झाली, माप घोड्याने घेतलं. साऱ्या जगात हा विनोद फक्त दोघांच्या मालकीचा होता.

पुढच्याच रविवारी शिंप्याच्या आमंत्रणावरून डॉक्टरीण आली. तिसरं स्टूल शिंप्याने स्वतः आणलं होतं आणि त्यावर मखमली गादी शिवली होती. चष्मेवाला त्या खोलीत वर्षानुवर्षं लाकडावर बसत आला होता. वर ती शिंप्याला 'मास्तर' म्हणाली आणि चष्मेवाल्याला 'काका'. दोघं एकाच वर्गातले, पण शिंप्याचे केस काळेभोर होते. ते कशाने काळे आहेत हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. मैत्रीखातर त्याने मूग गिळले.

मग त्याने तिच्यापुढे घोडा टाकला. हिला यातलं काही कळणार नाही, ही हसणार नाही, आणि पुढच्या रविवारी गादी रिकामी असेल, असा साधा हिशेब होता. तिने अंक नाकाजवळ धरला.

"काका, ही चूक नाहीये."

"अहो, छापलंय समोर."

"दोन पानं मागे जा. जादूगार काय म्हणतो? सूर्य मावळला की तू तू राहणार नाहीस. इथे बघा, सूर्य मावळलाय. म्हणजे कॅप्टन घोड्यात शिरलाय आणि लोंबकळतोय तो घोडा. दात बघा ना त्याचे. माणसाचे असतात का असे?"

शिंप्याने अंक ओढून घेतला. दोन पानं मागे गेला, पुन्हा पुढे आला. लोंबकळणाऱ्या कॅप्टनचे दात खरंच फावड्याएवढे होते. मग त्याने एकेक करून साऱ्या टाचण्या तोंडातून काढल्या, पिनकुशनमध्ये खोचल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"म्हणजे इतकी वर्षं तो बिचारा खरंच बोलत होता रे."

चष्मेवालाही हसला. तो किती मनापासून हसला हे दुसऱ्या दिवशी त्याच्या दुखऱ्या जबड्याने सांगितलं.

तो आठवडाभर धुमसत होता. एका आजोबांना त्याने बायकी फ्रेम बसवून दिली. शनिवारी त्याने तो अंक काचांच्या खोक्यात तळाशी दडपला आणि रविवारी चेहरा पाडून म्हणाला, "सापडत नाही बुवा."

"घोड्याने नेला असेल," शिंपी म्हणाला. आणि हे म्हणताना त्याने चष्मेवाल्याकडे नाही, डॉक्टरिणीकडे पाहिलं. ती खुदकन हसली.

चष्मेवाल्याने काचांचं खोकं पायाने आणखी आत सरकवलं.

"माझा अंक दवाखान्यात आहे, मास्तर," ती म्हणाली. "तिकडेच बसू या का? एसी आहे, बाकही ऐसपैस आहेत. काका, चला."

"तुम्ही व्हा पुढे. मला दुकान आवरायचंय."

शिंपी दारात थांबला, वळला. चष्मेवाल्याला वाटलं, हा आता म्हणणार, तू नाहीस तर मीही नाही.

"येताना माझी कात्री आण," शिंपी म्हणाला आणि गेला.

घरी बायकोने विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात?"

"मला दवाखान्याचा वास सोसत नाही."

"जळल्याचा वास तर इथेच येतोय," ती म्हणाली आणि गॅस बंद आहे की नाही ते मुद्दाम उठून बघून आली.

त्याने आणखी एक रविवार मागच्या खोलीत एकट्याने वाचून पाहिलं, आवाज काढून. मशीनवर काही परिणाम झाला नाही.

बैठक आता दवाखान्यातच भरते. चष्मेवालाही जातो. वाचायचं काम डॉक्टरिणीकडे आहे. गेल्या महिन्यात तिने त्याची खालची एक दाढ काढली.